स्वप्नफळाच्या चौकटीबद्दल थोडं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर स्वप्नफळाची चौकट येते. साप दिसला की धनलाभ, दात पडला की वाईट बातमी, असं. आमच्या घरी पेपर आला की आधी तीच चौकट वाचली जाते, म्हणूनच हे पत्र लिहितेय, खूप दिवस मनात होतं.

गेल्या वर्षी आषाढात माझी आई गेली. त्यानंतर महिनाभरानं मला एकच स्वप्न परत परत पडायला लागलं. आई सोप्यात बसून वाकळ शिवतीय (पुण्याकडं गोधडी म्हणतात ती) आणि दोरा ओवून दे म्हणून सुई माझ्याकडं धरते, मी ओवते पण दोरा इतका आखूड असतो की गाठ मारेपर्यंतच संपतो. रडतच जाग यायची. तुमच्या चौकटीत बघितलं तर सुई दिसणं म्हणजे घरात भांडण. मग पंधरा दिवस मी जाऊबाईंशी शब्द मोजून बोलत होते, त्यांनापण कळेना हिला झालंय काय. कुणीतरी म्हणालं आईचा जीव अडकलाय, एका माणसाकडं जाऊन या, गेलो, त्यानं न विचारताच पाच हजारांची शांत सांगितली. माझी आई कशी होती, काय करायची, एक शब्द विचारला नाही हो त्यानं.

शेवटी मुलीनं तिची अर्धी उरलेली दोनशे पानी वही दिली आणि म्हणाली, आई तू नुसतं लिहून काढ, कॉलेजात आम्ही जर्नलिंग म्हणतो त्याला. वही उशाशी आणि पेन दोऱ्यानं वहीलाच बांधलेलं, नाहीतर अंधारात सापडत नाही. जाग आली की कूस बदलायची नाही, मोबाईल बघायचा नाही, आधी स्वप्न आठवायचं आणि मग तारीख टाकून जसं दिसलं तसं लिहायचं, दिसतंय, चाललेय, बोलतेय असं, म्हणजे ते डोळ्यांपुढं राहतं. पाच मिनिटं गेली की निम्मं पुसलं जातं. पहाटेची स्वप्नं जास्त लक्षात राहतात, त्याला कारण आहे, रात्र सरत येईल तशी स्वप्नांची झोप लांबत जाते. खाली एकच ओळ, आत काय वाटलं त्याची. अर्थ लावायचा नाही, निदान आठवडाभर तरी.

तीन महिन्यांनी वहीची मागची पानं चाळली तेव्हा लक्षात आलं, मी दर वेळी दोऱ्याबद्दल लिहिलंय, आई कशाची वाकळ शिवतीय ते एकदाही नाही. पुढच्या वेळी ते बघितलं. तिचं मरून इरकल होतं, काठाला पिवळी रेघ. ते लुगडं माझ्याच ट्रंकेत होतं आणि तिच्या दिवसांनंतर मी ट्रंक उघडलीच नव्हती! त्या दुपारी उघडली. आता त्या लुगड्याची वाकळ शिवतेय, धावदोऱ्याचे टाके, माझे वाकडे येतात, आईचे मुंगीच्या रांगेसारखे असायचे. हरिपाठ मी लग्नाआधीपासून म्हणते पण खरं सांगते, तो ओठांवरच होता, हातात सुई असताना पहिल्यांदा तो आत गेला. स्वप्न अजून पडतं, दोरा अजून आखूडच आहे, पण आता मी रडत उठत नाही.

स्वप्नं लिहून काढणं हे बाहेरचं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांना मला आमच्या कोल्हापूरचीच गोष्ट सांगायचीय. शिऊरच्या संत बहिणाबाई (१६२८ ते १७००, जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या) लहानपणी नवऱ्याबरोबर फिरत फिरत इथं येऊन राहिल्या होत्या. इथंच त्यांनी जयराम स्वामींची कीर्तनं ऐकली, इथंच त्यांचं लाडकं वासरू गेलं, आणि इथंच कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, तुकोबा स्वप्नात आले. डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला आणि हातात एक पुस्तक दिलं. तुकोबांना त्यांनी तोवर बघितलेलंसुद्धा नव्हतं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू मानायचं म्हणून नवरा भडकला, मारहाण सोसली, पण या बाईनं स्वप्नाचा वार आणि तिथीसकट सगळं अभंगांत सांगून ठेवलं, मारसुद्धा आणि वासरूसुद्धा. आणि तुकोबा स्वतः काय सांगतात, की नामदेवांनी पांडुरंगाला बरोबर घेऊन स्वप्नात येऊन जागं केलं आणि कवित्व करायला सांगितलं. स्वप्नातून काम मिळालं त्यांना, ते त्यांनी आयुष्यभर केलं.

लिहिता येत नाही त्यांचं काय, असं आमच्या भजनी मंडळात एकीनं विचारलं. जात्यावर बसणाऱ्या बायकांना कुठं लिहिता येत होतं, तरी हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून त्यांच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात नवरा, सासर, विठ्ठल, सगळं आहे. आमच्या शेजारच्या काकू आता रोज सकाळी नातवाच्या मोबाईलवर स्वप्न बोलून ठेवतात, परवा त्यांनी त्यातल्याच एका विहिरीची रांगोळी दारात काढली, विचारलं तर म्हणाल्या माहेरची आहे, बुजवली ती.

एक मात्र कळकळीनं सांगते. भीतीनं रोज झोप मोडत असेल, दिवसा काम सुचत नसेल तर वहीवर भागवू नका, डॉक्टरकडं जा, आणि शांत सांगणाऱ्याकडं तर अजिबात जाऊ नका.

संपादक साहेब, माझी एवढीच विनंती आहे. ती चौकट काढू नका, लोकांना रविवारी तिथं बघायची सवय आहे. फक्त फळं छापण्याऐवजी वर 'आज पहाटे काय दिसलं?' एवढंच छापा आणि खाली सहा रिकाम्या ओळी सोडा.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर