विषय : देवघरातला सेन्सर आणि 'मॅडमना हात हलवायला सांगा'

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स. न. वि. वि. मुद्दाम गाळलं आहे. काल चौथा फोन झाला, त्यानंतर तेवढं मन उरलेलं नाही.

मार्चमध्ये आमच्या विश्रामबागेतल्या घरी तुमचाच माणूस आला. सेन्सर कुठला, लावायचा कुठं, सगळं त्यानंच ठरवलं. मी फक्त शिडी धरली.

देवघरात छताला पीआयआर, म्हणजे अंगाच्या उबेची हालचाल टिपून दिवा लावणारा सेन्सर. आई 78 वर्षांची, पहाटे तासभर जप करते. माळ गोमुखीत, म्हणजे हलतो तो अंगठा, तोही कापडाआड. दहा सेकंदांत दिवा गुल. परवा अंधारात उठताना समई लवंडली.

हे सांगायला काल फोन केला. तुमचा मुलगा म्हणतो, "सर, मॅडम तिथं करतात काय?" जप. "म्हणजे मूव्हमेंट काहीच नाही?" नाही बाबा, जप बसून करतात. मग सहा मिनिटं मला गाणं ऐकवलं आणि निकाल दिला, "प्रॉडक्ट ओके आहे सर. मॅडमना मधून मधून हात हलवायला सांगा." मी विचारलं, कुठला? उजव्यात माळ आहे. "कुठलाही चालेल सर. आणखी काही मदत करू शकतो का?" आणखी!

शांतपणे लिहायचं ठरवलं होतं.

आज गल्लीतल्या वायरमननं सेन्सरचं टोपण काढलं. दिवा किती वेळ राहणार ते ठरवणारा टाइमचा स्क्रू अगदी कमीवर. टेस्टरच्या टोकानं फिरवला, दिवा पाच मिनिटं टिकला. चहा पिऊन गेला, पैसे घेतले नाहीत. चार फोनांत एकालाही हा स्क्रू आठवला नाही, हात मात्र आठवला. पाच मिनिटांनी परत अंधार होतोच, कारण बसून असलेल्या माणसाला बारीक हालचाल टिपणारा सेन्सर लागतो. तो तुम्हीच विकता.

बाथरूमचा सेन्सर काचेच्या पार्टिशनबाहेर. पीआयआरला काचेपलीकडची अंगाची ऊब कळत नाही, हे मी तुम्हाला शिकवायचं? तोंडाला साबण लावला की काळोख. जिन्यातला चढणाऱ्याच्या थेट समोर लावलाय. आडवं जाणारा माणूस त्याला चटकन कळतो, समोरून येणारा नाही. चार पायऱ्या चाचपडत चढायच्या. पॅसेजमध्ये मायक्रोवेव्ह लहरींवर चालणारा सेन्सर, त्याला प्लायच्या दारातून गल्लीतली प्रत्येक दुचाकी दिसते. रात्रभर पेट-विझ. घरच्यांना ओळख नाही, रस्त्यावरच्यांना सलाम!

तुमचा पंखा आमच्या माजघरात वीस वर्षं फिरतोय, म्हणून तुमच्याकडे आलो. चुकलंच.

देवघरातला बदलून द्या, बाकी तिन्हींच्या जागा नीट करा, आणि माहितगार माणूस पाठवा. आठ दिवस थांबेन. नंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात भेटू. कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड करता म्हणे, तर कालचा जपून ठेवा. 'हात हलवायला सांगा' तिथंही ऐकवू.

बिलाची प्रत सोबत आहे. येण्याआधी फोन करा, फक्त पहाटे साडेचार ते साडेपाच नको. तेव्हा आई अंधारात जपाला बसलेली असते.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
विश्रामबाग, सांगली