खड्डे नंतर, आधी माती अडवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यावरण दिनाच्या वृक्षारोपणाचे फोटो दर जूनमध्ये छापून येतात. आमच्या बालाघाट डोंगररांगेतल्या माळावर ५ जूनला मृगही लागलेला नसतो. पुढे पाऊस पडला तरी मध्येच किती दिवस दडी मारेल याचा भरवसा राहिलेला नाही. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मुरमात फूटभर खड्डा, त्यात पिशवीसकट ठेवलेले रोप, वर दोन मुठी माती. एवढ्यावर ते खंड कसा काढणार? फेब्रुवारीत जाऊन पाहिले तर खड्ड्यात वाळलेली काडी असते आणि पुढच्या जूनला त्याच खड्ड्यात नवे रोप.

राज्याने २०१६ पासून कोट्यवधी झाडांच्या मोहिमा काढल्या. २०१९ च्या पावसाळ्याचे लक्ष्यच ३३ कोटींचे होते. पण ज्या उतारावर मातीच उरली नाही, तिथे मूळ धरणार कशात? सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणा, सीना, मांजरा काठची शेते खरडून गेली, ती सगळ्यांनी पाहिली. उघड्या माळावर तेच दरवर्षी थोडे थोडे होते, त्याचा पंचनामा मात्र होत नाही.

म्हणून आधी सलग समतल चर (उतारावर एकाच पातळीत आडवे खणलेले, पाणी आणि माती अडवणारे चर), मग चराईबंदी, मग गवत आणि शेवटी झाड. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने याच वाटेने डोंगर हिरवे केले. तिथे गुरे सोडायला बंदी आहे, पण गवत कापून न्यायला मुभा आहे. हे कळले की शेळीवालेही फारसे भांडत नाहीत.

दुसरे म्हणजे, माळ रिकामा नसतो. पळसाचे, बोरीचे खुंट तिथे असतातच. दोन वर्षे कुऱ्हाड आणि शेळी लांब ठेवली तर त्यांना फुटवे येतात. आपण मात्र जेसीबी घालून तेच खुंट उपटतो आणि वर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावतो, कारण शेळ्या ते सहसा खात नाहीत. (सीताफळही खात नाहीत, आणि ते तर इथलेच होऊन गेले आहे.) गिरिपुष्प बांधावर हिरवळीच्या खताला उत्तम, पण अख्खा डोंगर त्याचाच कशाला? आणि सोलापूरजवळच्या नान्नजसारखे माळढोक पक्ष्याचे गवताळ माळ तर झाडांपासून मोकळेच ठेवावेत.

मुख्य अडचण वेगळीच आहे. रोपांना पाणी घालायचे महिने आणि ऊसतोडीचा हंगाम बराचसा एकच. तेव्हा निम्मे गाव साखर कारखान्यांच्या पट्ट्यात असते. खड्डे खणायला पैसा मिळतो, तसा पाणी आणि राखणीसाठी सलग तीन उन्हाळे मिळावा आणि त्यातला काही भाग जगलेली झाडे मोजूनच द्यावा. चार जोडप्यांना जरी ही मजुरी गावातच मिळाली, तरी ती यंदा कोयता उचलणार नाहीत.

— एक शेतकरी, पाटोदा (जि. बीड)