आण्णा, चार रिंगांचे पैसे घेतले नाहीत म्हणून हे पत्र

आण्णा, नमस्कार.

परवा माझ्या रिमोटच्या गाडीच्या टायरच्या रिंगांचे पैसे द्यायला आलो तर तुम्ही घेतले नाहीत, वर चहा पण तुम्हीच सांगितला, आणि मी आभार वगैरे म्हणायला तोंड उघडलं तर तुम्ही लेथ मशीन चालू केलं. मग काय बोलणार. म्हणून लिहितोय, इथं तरी तुम्हाला मशीन चालू करता येत नाही. तुम्ही मोबाईलवर वाचत बसणार नाही हे माहितेय, पण पोरगं वाचून दाखवेल. नाव मुद्दाम घालत नाही. सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत "ओ आण्णा" म्हणून हाक मारली तर दहा जण मागं वळून बघतील, त्यामुळं तुम्ही सेफ आहात.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी पतसंस्थेत क्लार्क, वय ३६, आणि गेल्या वर्षी मला आरसी ड्रिफ्ट कारचा नाद लागला. म्हणजे रिमोटची गाडीच, पण खेळण्यातली नव्हे, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, हातभर लांब, दीडेक किलोची, आतमध्ये ब्रशलेस मोटर, स्टेअरिंग फिरवणारा सर्वो, सस्पेन्शन, डिफरन्शियल सगळं खरं. आणि ही गाडी सरळ पळवायचीच नसते. आडवी घसरत न्यायची, मागचा भाग बाहेर सुटलेला, पुढची चाकं उलट्या बाजूला वळलेली, आणि तसंच अख्खं वळण काढायचं. हा प्रकार मूळचा जपानमधला, तिथल्या घाटरस्त्यांवरनं आलेला. केइची त्सुचिया म्हणून एक ड्रायव्हर आहे, त्याला ड्रिफ्ट किंगच म्हणतात, टोयोटाच्या साध्या एई८६ गाडीनं त्यानं घाटात असले प्रकार करून नाव काढलं. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आरं मग आमचा जीपवाला पावसाळ्यात उसाच्या वाटंला रोज तेच करतोय की, मागनं सुटली की स्टेरिंग उलटं मारतोय, त्याला कुणी किंग म्हणंना." बरोबरच आहे. एका वाक्यात काउंटरस्टिअर कळला.

तर मी जवळजवळ तीस हजार घालून गाडी, रिमोट, बॅटरी, चार्जर असं सगळं मागवलं, मागच्या दोन चाकांना पॉवर असलेली, आणि घरी खोका उघडल्यावर जो येईल तो एकच विचारायचा, पोरीला घेतलीस का. आबांनी तर "एवढ्यात म्हशीची एक बाजू आली असती" म्हणून विषय संपवला. हिनं काही म्हटलं नाही, ते जास्त लागलं.

आणि गाडी चालेना. चालत होती, पण नुसती गरागरा फिरायची. रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर जरा दाबला की शेपूट पुढं, तोंड मागं. विश्रामबागच्या आमच्या कॉलनीच्या डांबरी रस्त्यावर ट्राय केलं, मग गच्चीवर खरखरीत कोब्यावर ट्राय केलं, आणि पंधरा दिवसात टायरची वाट लावली. या गाडीचे टायर रबराचे नसतात, कडक प्लॅस्टिकची रिंग असते रिमवर दाबून बसवलेली, गुळगुळीत फरशीवर घसरायला बनवलेली. ती मी डांबरावर घासली. शाणपणाच. नवीन सेट बाहेरनं यायला महिना.

आमच्या शिपायानं तुमचं नाव सांगितलं. तुमचं खातं आमच्याकडं आहे हे पण मला तेव्हाच कळलं. ती झिजलेली रिंग मी तुमच्या हातात दिली आणि लाजत लाजत सांगितलं की हा टायर आहे, याला रबर नसतं, हा घसरायलाच पाहिजे. आता इथं प्रत्येक माणूस हसतो, मला सवय झाली होती. तुम्ही व्हर्नियर काढला, बाहेरनं माप घेतलं, आतनं घेतलं, रिंग उजेडात धरून फिरवली, आणि विचारलं, "किती घसराय पायजे?"

आण्णा, हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. का घसरायला पाहिजे हे सगळ्यांनी विचारलं, या वयात का हे पण विचारलं. किती, हे कुणी नाही. आणि मला पण त्याचं उत्तर माहीत नव्हतं.

पहिला प्रयोग तुम्ही शेतातल्या पाइपलाइनच्या उरलेल्या ६३ एमएम पीव्हीसी पाइपचा केलात. टायरचं बाहेरचं माप साधारण तेवढंच असतं, त्यामुळं मी तर नाचायलाच लागलो. पण आत रिम ५२ ची, मधल्या फटीत तुम्ही सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि रिंग ठोकून बसवली. गाडी पळाली, घसरली पण मस्त, फक्त चाक आउट मारत होतं, लांबनं बघितलं तर पाय मुरगळलेल्या शेळीसारखी. मी म्हटलं चालतंय की आण्णा. तुम्ही म्हणालात, "तुला चालंल, मला न्हाई." आणि चार दिवसांनी डेल्रिन म्हणून कडक प्लॅस्टिक असतं त्याच्या रॉडमधनं अख्ख्या चार रिंगा काढून ठेवल्या होत्या, आतनं बोअर मारलेल्या, रिमला बसायला कड ठेवलेली, हातानं दाबल्या की टक्क. मशीनखाली पांढऱ्या लांबलचक शेवया पडल्या होत्या, माझी पोरगी त्या केसात घालायला घेऊन आली, अजून आहेत घरात कुठंतरी.

पण गाडी परत गरागराच.

तो दिवस मला नीट आठवतोय कारण त्या दिवशी मी खरं तर तुमचा निरोप घ्यायलाच आलो होतो. तुम्ही गाडी टेबलावर घेतलीत, बॉडी काढायला लावलीत. रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि सर्वोच्या मधी एक काड्यापेटीपेक्षा बारका डबा असतो, जायरो. तुम्ही विचारलंत हे काय करतंय. मी पाठ केलेलं सांगितलं, की गाडी फिरायला लागली की याला कळतं आणि हा स्टेअरिंग आपोआप उलट बाजूला मारतो, माणसाच्या हाताला एवढ्या लवकर जमत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, "मारतंय का पण?"

मी गप्प. कधी बघितलंच नव्हतं की.

गाडी चालू करून तुम्ही दोन्ही हातात धरली आणि तोंड झटकन डावीकडं वळवलं. पुढची चाकं पण डावीकडं. परत केलं, परत डावीकडं. "ही तर फिरणाऱ्याला आनखी ढकलतीया," तुम्ही म्हणालात. जायरो उलटा सेट झाला होता एवढंच. गाडीचं तोंड डावीकडं गेलं तर चाकांनी उजवीकडं जायला पाहिजे, म्हणजे ती आधी जिकडं बघत होती तिकडंच बघत राहिली पाहिजेत. एक बारीक स्विच सरकवला, परत गाडी वळवली, आणि चाकं उजवीकडं गेली. दीड महिना मी मोटरला शिव्या घातल्या, टायरला घातल्या, विकणाऱ्याला मनातल्या मनात घातल्या, आणि चूक एका स्विचची. नवीन कुणी गाडी घेत असेल तर बाकी काही करू नका, आधी गाडी हातात धरून हे बघा.

मग मी उत्साहात जायरोचा गेन, म्हणजे तो किती जोरात स्टेअरिंग मारणार ते, फुल केला तर पुढची चाकं सरळ जाताना पण थरथरायला लागली. तुम्ही लेथवरनं मान पण वर न करता सांगितलं, आवाजावरनं, "टूल चॅटर मारतंय बघ, कमी कर." चॅटर म्हणजे लेथच्या टूलचं थरथरणं. गेन कमी केला, थांबलं. पिनियन म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, तो आणि मोठ्या गिअरमधली फट किती ठेवायची हे मी कितीतरी व्हिडिओ बघून पण शिकलो नव्हतो. तुम्ही मधी कागदाची चिटोरी घातली, गिअर दाबून स्क्रू आवळला, गिअर फिरवून चिटोरी काढून घेतली, झालं. नंतर कळलं जगभर आरसीवाले हेच करतात. तुम्ही आरसीची गाडी आयुष्यात पहिल्यांदा बघत होता.

जागेचं पण तुम्हीच जमवलंत. तुमच्या दाजींचं मंगल कार्यालय, पॉलिश केलेली कोटा फरशी, आणि आषाढी झाली की चातुर्मासात लग्न नाही, हॉल मोकळा. अट एवढीच की आधी झाडायचं, नंतर झाडायचं, आणि स्टेजवर चढायचं नाही. पहिल्या दिवशी मी आधीचं झाडणं नुसतं वरवर केलं. दहा मिनिटात कर्रर्र आवाज, गाडी बंद. उघडून बघतो तर गिअरच्या दातात एक अक्षता. कुंकवानं लाल झालेली. कुणाच्या लग्नाची काय माहीत, भिंतीच्या कडंला राहिलेली, थेट माझ्या गाडीत येऊन बसली. ती काढायला टाचणी लागली आणि गिअरचा एक दात गेला तो गेलाच. तेव्हापासून मी तो हॉल कार्यालयाच्या बाईंपेक्षा चांगला झाडतो, दाजींना विचारा.

तुम्ही सुट्टीच्या दिवशी एकदा आलात, लग्नातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसलात, आणि मी जोरात जाऊन भिंतीला धडकतोय हे पाचेक मिनिटं बघितलंत. मग स्वयंपाकघरातनं स्टीलचा एक पेला आणून मधी पालथा ठेवलात. "ह्याला शिवायचं न्हाई आणि ह्याला सोडायचं न्हाई." झालं, तेवढंच. तीन आठवडे मी त्या पेल्याभोवती गोल फिरलो. धक्का लागला की पेला टणटणत हॉलभर जायचा, रिकाम्या हॉलमधी तो आवाज असा घुमतो की वॉचमन बघायला यायचा. उजव्या हाताचा गोल आठवड्यात जमला. डाव्या हाताचा जमेना म्हणजे जमेना. पण त्या गोल फिरण्यातच कळलं की घसरणारी गाडी स्टेअरिंगवर धरायची नसतीच, ती बोटावर धरायची असते, ट्रिगर एकदम सोडला की गाडी सरळ होऊन पळते, जास्त दाबला की फिरते, आणि या दोन्हीच्या मधी एक अशी जागा आहे की जिथं मोटरचा आवाज एकसारखा लागतो, वर खाली होत नाही. तुम्ही डोळे मिटून बसला होता खुर्चीत, मला वाटलं झोपलात. "आत्ता बरोबर व्हतं," म्हणालात. आवाजावरनंच.

मग दोन पेले आणि आठ. इंग्रजी आठ बरं का, आरटीओला लायसनला काढायला लावतात तो, आपला ८ काढायला गेलं तर गाडी एका बाजूनं निघूनच जाईल. आठमधी अवघड काय तर मधल्या जागी गाडीचं शेपूट एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फेकायचं असतं, आणि तेवढ्यात माझा डावा गोल कच्चा. अजून दहातले चार चुकतात.

बॅटरीचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही माझ्यावर खरं चिडला होता. लायपो बॅटरी फुल्ल चार्ज करून मी महिनाभर पिशवीत ठेवली होती, ती उशीसारखी फुगली, आणि मी म्हटलं अजून चालतीय. तुम्ही काही न बोलता ती माझ्या हातातनं घेतली आणि बाहेर वाळूच्या बादलीत ठेवून आलात. आता करतो नीट. दोन सेलची बॅटरी फुल्ल असते ८.४ व्होल्टला, पण ठेवून द्यायची असेल तर ७.६ च्या आसपास आणूनच ठेवतो, चार्जरमधी त्याचं वेगळं सेटिंग असतं, आणि चार्जिंगला लावून झोपत नाही. बॉडीवर मी बाहेरनं साधा स्प्रे मारला त्याबद्दल मात्र तुम्ही नुसते हसलात. ती पारदर्शक असते, रंग आतनं मारायचा, त्याचा पण वेगळा. पोपडे निघाले सगळे. असो.

आता एक गोष्ट जी तुम्हाला सांगितली नाही. निरोप घ्यायला आलो होतो म्हटलं ना वर, त्याच्या आदल्या रात्री मी गाडीचे फोटो काढून विकायची जाहिरात लिहून ठेवली होती. "नवीनसारखी, कमी वापरलेली." किंमत पण टाकली होती, निम्मी. फक्त बटण दाबायचं बाकी होतं. तुमच्याकडं एवढ्यासाठी आलो की तुम्ही एवढ्या मेहनतीनं रिंगा केल्यात तर निदान तोंडावर सांगून विकावी. आणि तुम्ही "मारतंय का पण?" विचारलंत. ती जाहिरात अजून मोबाईलमधी तशीच पडून आहे, मी काढली नाही, का कुणास ठाऊक.

पोरगी आता माझ्यापेक्षा बरी चालवते, डावा गोल पण. आबा मागच्या आठवड्यात "बघू तुमचा पेला" म्हणून आले, अर्धा तास बसले, भडंग खाल्लं, म्हशीचं नाव काढलं नाही. ही पण येते कधीकधी, पेला टणटणला की तिला हसू येतं.

पण आण्णा, एवढं सगळं करून तुम्ही एकदा पण रिमोट हातात घेतला नाही. दर वेळी हात तेलकट हायत म्हणता. मी पुसायला फडकं आणतो. तुळशीचं लग्न लागलं की कार्यालयाचे बुकिंग सुरू होतात आणि हॉल आपल्या हातातनं गेला, दाजींनी सांगून ठेवलंय. त्याच्या आत येणारे दोनच रविवार आहेत. सकाळी दहाला किल्ली माझ्याकडं असते, हॉल झाडलेला असेल, बॅटरी भरलेली, आणि पेला एकच ठेवतो.

तुमचा,
चाकवाला
(पोरानं तुमच्या फोनमधी माझा नंबर याच नावानं सेव्ह केलाय, बघितलं मी)