कांचनाच्या शेंगा

प्रिय वसू,

तुझी बदली झाल्याचं नलीकडून कळलं. घर लागलं का? बाळ्याचे पेपर कसे गेले? माझी पाठ आता बरी आहे.

हे तुलाच लिहायला हवं. एकदा माझी चित्रवही मिटून तू म्हणाली होतीस, ‘सगळं बघून काढलंयस, यात तुझं काय?’ त्यानंतर आपण किती दिवस बोललो नव्हतो! आता दागिन्यांच्या वर्गात बसून मी तोच प्रश्न चघळतेय.

कानातल्यांचा एक जोड स्वतःच्या कल्पनेने करा, असं बाईंनी सांगितलं. मी आधी दागिन्यांचीच चित्रं भिंतभर लावली. मग जे रेखाटावं त्यात आधीचं कुणीतरी डोकवायचं. त्या चित्रांत फ्रेंच दागिनेकार रने लालिकचा 1897-98 च्या सुमाराचा चतुर किड्याच्या रूपातला दागिना होता, एका स्त्रीचं अर्धं अंग बाहेर आलेला. त्या माणसाने हिरेमाणकांच्या जोडीला शिंग आणि काचही मानाने वापरली. त्याची नजर किड्यांवर होती, सराफाच्या पेटीवर नव्हती. मी भिंत रिकामी केली आणि बाहेर फिरायला लागले.

तिथे कांचनाच्या वाळक्या शेंगा मिळाल्या. वसू, ती शेंग तडकली की तिच्या दोन फाकी पिळतात, एक डावीकडे, दुसरी उजवीकडे! सालीत तंतूंचे दोन थर असतात, एकमेकांना काटकोनात. वाळताना दोन्ही वेगवेगळ्या दिशांना आकसतात, म्हणून पीळ पडतो. कानातल्यांना आणखी काय हवं? आरशातल्यासारखा डावा-उजवा जोड झाडानेच करून ठेवलाय. मी आनंदाने ओरडलेच. तू असतीस तर आधी ती शेंग मिशी म्हणून लावून वर्गभर फिरली असतीस.

स्टर्लिंग चांदीच्या, म्हणजे 92.5 टक्के चांदीच्या, पट्ट्या कापून पिळायला घेतल्या. पिळता पिळता चांदी ताठते, बोटांना दाद देत नाही. मग तापवून नरम करायची, पाण्यात विझवायची, पुन्हा पिळायची. तापवताना दिवा मालवायचा आणि मंद लाल झाक दिसली की ज्योत काढायची, नाहीतर पट्टी वितळलीच. एवढं करूनही दोन्ही पीळ तंतोतंत जुळत नाहीत. शेंगेतही जुळत नाहीत. बाई म्हणतात, जुळव. मला जुळवायचे नाहीत.

आणि रात्री तुझं ते वाक्य आठवतं. पीळ शेंगेचा, मग माझं काय? माझं आहे, वसू. पट्टी कुठे निमुळती करायची, पीळ कुठे थांबवायचा, आकडा कुठे बसवायचा म्हणजे समोरून पातळ कड दिसेल आणि कानातलं मागे वळणार नाही, हे शेंग सांगत नाही. त्यासाठी मी ती तासन्‌तास बघितली आहे. बघण्यालाच मी काम मानते, तेव्हाही मानत होते. त्या भांडणात माझंच बरोबर होतं असं मला अजून वाटतं. पण तू अजून तेच म्हणशील का, ही धाकधूक जात नाही. बाईंच्या शेऱ्याची एवढी वाटत नाही.

जड कानातली तुला सोसत नाहीत. अण्णांनी आणलेली तू जेवायच्या आधीच काढून ठेवली होतीस, त्यांचं तोंड आठवतंय ना? म्हणून पत्रा पातळच घेतलाय. जोड याच पत्रासोबत पाठवतेय. दिवसभर घालून कुठे ओढतं ते लिही. दोन पीळ वेगळे आहेत ते खटकतं का, तेही लिही, आणि भीड धरू नकोस. बाईंना दाखवायच्या आधी मला तुझं उत्तर हवंय.

तुझी,
मंजू