चि. सर्वेशास, कार्डाबरोबर पाठवलेले पत्र

वाळपई, मंगळवार

चि. सर्वेश यास आईचे अनेक आशीर्वाद.

तू पणजीला सुखरूप पोहोचल्याचे दत्तूमामाने कळवले. आल्तिनोच्या चढावर पेटी तू एकट्याने उचललीस हेही त्याने सांगितले. त्याचे गुडघे तुला ठाऊकच आहेत, त्यामुळे ऐकून बरे वाटले. शनिवारी रात्री तू अर्ध्या जेवणावरून उठलास आणि पहाटेच्या कदंबा बसपर्यंत माझ्याशी धड बोलला नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर तू 'हो आई, कळलं आई' म्हणतोस आणि माझे बोलणे तिथेच संपते. त्या मुलाचा विषय मात्र या पत्रात काढायचा नाही, असे मी ठरवले आहे.

मामाबरोबर तुझे बँकेचे कार्ड पाठवत आहे. त्याचा पिन तू स्वतः एटीएमवर जाऊन तयार कर आणि तो कोणालाही सांगू नकोस, मलासुद्धा नको. नवे कार्ड हाती येते तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रात घालूनच चालते. ऑनलाइन खरेदी, परदेशातला व्यवहार आणि कार्ड नुसते टेकवून पैसे देणे या सोयी आपण स्वतः चालू कराव्या लागतात. टेकवून दिलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला यंत्र पिनही विचारत नाही, तेव्हा ती सोय तूर्त बंदच राहू दे. आपल्या बँकेने तुझ्या कार्डाला दिवसाची मर्यादा घातली आहे म्हणून तू तोंड वाकडे केलेस, पण मला ती मर्यादा आवडते.

बाबांच्या मनात कार्ड द्यायचेच नव्हते, हे तुला माहीत नसेल. त्यांना यूपीआय सर्कल करून द्यायचे होते, म्हणजे खाते त्यांचे आणि खर्च तुझा. त्यात दोन रीती आहेत. एकीत महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत तू आपल्या आपण खर्च करायचे, आणि दुसरीत प्रत्येक वेळी बाबांनी आपला पिन घालून संमती द्यायची. बाबांना अर्थातच दुसरी हवी होती. भाजी-पाव खाताना पोराने दर वेळी वाळपईला विचारायचे का, असे मी त्यांना म्हटले आणि तुझी बाजू घेतली. त्यामुळे आता काही वावगे झाले तर या घरात बोल कोणाला लागेल ते तुला सांगायला नको. हे तुला धाक घालायला लिहिलेले नाही. वाचताना तसे वाटले तर पुढच्या ओळीवर जा.

शनिवारी तू फोनमधून वाचून दाखवलेस ते बरोबर होते. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात सांगितले आहे की दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पालकाविना स्वतःचे बचत खाते उघडता आणि चालवता येते. त्यात रक्कम किती असावी आणि कार्ड, चेकबुक द्यावे की नाही, हे प्रत्येक बँकेने ठरवायचे. तेव्हा सोळाव्या वर्षी खात्यावर माझी सही तुला जड वाटते यात नवल नाही. पण तुझे खाते उघडताना काय झाले होते ते तुला आठवते का? खिडकीवरच्या गृहस्थांनी मला दोनदा विचारले होते, 'मिस्टर नाहीत आले?' आईने पालक म्हणून सही करण्याची सोय १९७६ पासून आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते आत जाऊन विचारून आले. तू बाकावर बसून पाय हलवत होतास. काजूच्या बिया गोळा करून मिळवलेले पैसे तू माईच्या पानाच्या चंचीत घालून आणले होतेस आणि नोटांना चुन्याचा वास येत होता. पुढच्या वर्षी पैसे काढायला गेलो, तर सहीतल्या 'श'ची शेपटी तू एवढी लांबवलीस की त्यांनी कागद परत केला. मग आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर तू एकसारख्या सह्या गिरवल्यास. ते पान मी फाडलेले नाही.

गणेश चवथीला आलास की बँकेत जाऊ आणि खाते तुझ्या एकट्याच्या सहीवर होत असेल तर करून घेऊ. अठरा पूर्ण झाल्यावर बँक नव्याने सही आणि सूचना घेणारच आहे, तेव्हा थोडे आधी झाले तरी माझी ना नाही. फक्त त्यानंतर व्यवहाराचे संदेश माझ्या फोनवर येणार नाहीत, आणि तोच मुलगा पुन्हा तुझ्याकडे आला तर मला कळायला मार्ग उरणार नाही.

बघ, विषय निघालाच. आता पुरते लिहून टाकते. 'माझ्या खात्याची मर्यादा संपली, तुझ्यात थोडे पैसे येऊ दे, पुढे पाठव आणि दोन हजार ठेवून घे' असे जो म्हणतो, त्याचे स्वतःचे खाते आहे, त्याच्या घरच्यांची आहेत, मित्रांची आहेत; मग त्याला नुकत्याच ओळख झालेल्या सोळा वर्षांच्या मुलाचे खाते कशाला लागते? कोणा म्हाताऱ्याला फोनवर घाबरवून काढलेले पैसे असेच एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतात. त्या म्हाताऱ्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली की बँका त्या पैशाचा माग खात्याखात्यातून काढत जातात आणि वाटेतल्या खात्यातली रक्कम अडकवतात. दोन हजार देणारा तोवर फोन बंद करून बसलेला असतो, आणि रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यातून बोलावणे येते ते ज्याच्या नावाचे पासबुक आहे त्याला. 'मला ठाऊक नव्हते' हे तिथे तू कसे पटवून देणार आहेस? खाते गोठले तर तुझी शिष्यवृत्तीही त्यातच अडकेल. 'त्यात वाईट काय?' असे तू शनिवारी विचारलेस, त्याचे उत्तर हे आहे. बाबा समोर असल्यामुळे तेव्हा मला ते देता आले नाही.

फार बोलले, राग मानू नकोस. तू लबाड नाहीस, हे मी गावात कोणालाही छातीठोकपणे सांगेन. खोतांच्या घरच्या त्या प्रकरणात खरे बोलणारा तूच एकटा होतास. मला भीती आहे ती तुझ्या भिडेची. कोणी दोनदा मागितले की तुझ्या तोंडून नाही निघत नाही. सायकल अशीच गेली, कॅल्क्युलेटरही असाच गेला. त्या वस्तू होत्या, पुन्हा घेता आल्या.

दुसरी गोष्ट छोटी आहे. आपण न केलेला व्यवहार खात्यात दिसला तर लाजू नकोस, त्याच दिवशी बँकेला कळव आणि १९३० वर फोन कर. चूक आपली किंवा बँकेची नसून बाहेरच्या कोणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पिन आपणच कोणाला सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचे गेले ते आपलेच गेले.

डब्यात फणसाचे तळलेले गरे आहेत, मामीला अर्धे दे. डिप्लोमाची पुस्तके ग्रंथालयात मिळतात का ते बघ आणि मिळाली नाहीत तर विकत घे, त्यासाठी खात्यातल्या पैशांना हात लावायला हरकत नाही. पत्राचे उत्तर मोठे नसले तरी चालेल. त्या मुलाला तू काय सांगितलेस, तेवढे लिही. अजून काही सांगितले नसशील तर तसे लिही, आणि खात्यात काही येऊन गेले असेल तर तेही लिही. बाबांना मी काय सांगायचे ते माझ्यावर सोड.

तुझी
आई

ता. क. गेल्या पावसात पासबुकाची पाने चिकटली आहेत. चवथीला येताना ते घेऊन ये, नवे करून घेऊ.