नंबर तोच, पार्ट भलताच : इग्निशन स्विचबाबत तक्रार

तळेगाव दाभाडे,
दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सुटे भाग ऑनलाइन विक्री विभाग,
पुणे कार्यालय.

विषय : सदोष इग्निशन स्विच व आपले दि. ३ जुलैचे उत्तर

महोदय / महोदया,

माझ्या २०१२ सालच्या शेव्हरोले बीट (पेट्रोल) गाडीसाठी मी २ जून रोजी आपल्याकडून इग्निशन स्विच, म्हणजे किल्ली फिरवून गाडी चालू-बंद करायचा स्विच, मागवला. किंमत १,८५० रुपये, कुरिअरचे ६० वेगळे. पार्ट ५ तारखेला आला, ९ तारखेला बसवला आणि २२ तारखेला त्याने चालत्या गाडीचे इंजिन बंद पाडले. मी २४ जूनला आणि पुन्हा १ जुलैला ईमेल केली. मध्यंतरी फोनवर आपल्याकडच्या मुलीने मला सांगितले, "सर, पार्ट नंबर मॅच होतोय ना? मग पार्ट बरोबरच आहे." तिचा दोष नाही, तिला समोरच्या स्क्रीनवर तेवढेच दिसत असणार. पण ३ जुलैला लेखी उत्तर आले तेही तेच, आणि वर एक पुरवणी : इंजिन बंद पडण्याचे कारण 'किल्लीला लावलेले जड किचेन असू शकते'. ते वाचून मी कपाटातून व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घ्यायचे हत्यार, बाहेर काढला.

माझी थोडी ओळख सांगतो, म्हणजे पुढचे पत्र लांबले तर का लांबले ते कळेल. भोसरीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. आयुष्यभर एकच काम केले. ड्रॉइंगवर लिहिलेले माप आणि हातातली वस्तू जुळते का ते पाहायचे, नाही जुळली तर लाल टॅग लावायचा. सुपरवायझरची कटकट सोसली, डिस्पॅचवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण टॅग काढला नाही. त्यामुळे 'नंबर जुळतो म्हणजे पार्ट बरोबर' हे वाक्य कोणी तोंडावर टाकले की माझे जेवण गोड लागत नाही.

आता २२ जूनचा प्रकार. मी आणि सौ. चाकणला मेहुण्यांकडे निघालो होतो. तळेगाव–चाकण रस्ता आपल्या पुणे कार्यालयातल्या कोणाला ठाऊक असेलच : पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मध्ये आपण पोळीत सापडलेल्या खड्यासारखे. इंदोरीच्या अलीकडे एका खड्ड्यात पुढचे चाक आदळले आणि इंजिनचा आवाजच थांबला. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले. स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. मागून कंटेनरचा हॉर्न. ब्रेक दोन वेळा नीट लागला, तिसऱ्यांदा पायाखाली काठीसारखा कडक. मी गाडी कशीबशी डावीकडे चिखलात उतरवली. पाहतो तर किल्ली 'ऑन'वरून मागे 'ॲक्सेसरी'वर आलेली. मी तिला हात लावला नव्हता. सौ. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "अहो, किल्ली आपली आपण कशी फिरली?"

हा प्रश्न अमेरिकेत हजारो लोकांनी विचारून झाला आहे आणि त्याचे उत्तर मिळायला दहा वर्षे लागली, म्हणून मला या गाडीच्या घराण्याबद्दल, म्हणजे जनरल मोटर्सबद्दल, चार शब्द लिहिणे भाग आहे. आपण या घराण्याच्या गाड्यांचे भाग विकता, तेव्हा हे आपल्यालाही माहीत असलेले बरे.

१९०८ च्या फेब्रुवारीअखेर लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या आणल्या गेल्या. तिथल्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली त्या पार खोलल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग निघाले. तिन्ही गाड्यांचे भाग एकाच ढिगात मिसळले, त्यातले ८९ बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या गोदामातले नवे भाग टाकले. मग पाना आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्याच हत्यारांनी त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस मारायची मुभा नव्हती. तिन्ही सुरू झाल्या आणि ५०० मैल पळाल्या. त्या काळात प्रत्येक भाग त्याच्या त्याच्या गाडीवर घासून बसवत असत, म्हणून इंग्रज लोक चकित झाले आणि कॅडिलॅकला मोटारींसाठीचा मानाचा ड्यूअर करंडक मिळाला. कॅडिलॅकचा कर्ता हेन्री लेलँड हा पूर्वी बंदुकांच्या सरकारी कारखान्यात आणि ब्राउन अँड शार्प या मोजमापाची हत्यारे बनवणाऱ्या कंपनीत तयार झालेला माणूस. ब्राउन अँड शार्पचा मायक्रोमीटर मी स्वतः वापरलेला आहे, त्यामुळे हा म्हातारा मला आमच्याच खात्यातला वाटतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विल्यम ड्युरंट याने मिशिगनमधल्या फ्लिंट गावी जनरल मोटर्स काढली आणि १९०९ मध्ये कॅडिलॅक विकत घेतली. ड्युरंटची गोष्ट वेगळीच रंगतदार आहे. बँकवाल्यांनी १९१० मध्ये त्याला बाहेर काढले, त्याने लुई शेव्हरोले या शर्यतपटूबरोबर १९११ मध्ये शेव्हरोले ही दुसरी कंपनी काढली, तिच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत ताब्यात घेतली, आणि १९२० मध्ये पुन्हा गमावली. पण ते असो. १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल मारून मनगट मोडून घ्यायचे दिवस सरत चालले. हँडल न मारता गाडी सुरू, हे सुख याच घराण्यातून आपल्यापर्यंत आले.

आणि पुढे गाडी सुरू करायच्या किल्लीनेच या घराण्याची अब्रू घालवली. २०१४ च्या फेब्रुवारीत जनरल मोटर्सने शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या जातीच्या छोट्या गाड्या परत बोलवायला सुरुवात केली. हा आकडा वाढत २६ लाखांवर गेला. दोष होता इग्निशन स्विचमध्ये. किल्ली 'ऑन'वर धरून ठेवणारा जो आतला खटका आणि स्प्रिंग असते, ती कमजोर होती. किल्ली फिरवायला किमान १५ न्यूटन-सेंटीमीटर (पिळाचा जोर मोजायचे एकक) जोर लागला पाहिजे असे कंपनीच्याच कागदावर लिहिलेले होते. प्रत्यक्षात स्विच त्याहून खूप हलका होता आणि तरीही पास झाला. खड्ड्यात धक्का बसला किंवा गुडघा लागला की किल्ली मागे यायची, इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई निधीने शेवटी १२४ मृत्यू मान्य केले. २०१५ मध्ये अमेरिकन सरकारशी तडजोड होऊन ९० कोटी डॉलर भरावे लागले.

यातला माझ्या पत्राशी थेट संबंध असलेला भाग पुढे आहे. २००५ साली मालकांच्या तक्रारी येऊ लागल्या तेव्हा कंपनीने डीलरना काय कळवले? मालकांना सांगा, किल्लीच्या जुडग्यातले जड सामान काढून टाका. आपल्या ३ जुलैच्या उत्तरातले किचेन मला ओळखीचे वाटले ते यामुळे.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. २००६ मध्ये एका अभियंत्याने स्विचमधला खटका आणि स्प्रिंग गुपचूप बदलून घेतले. सुधारणा चांगली होती, पण पार्ट नंबर बदलला नाही. परिणाम असा की नंतरच्या गाड्यांत अपघात कमी का, हे कंपनीच्याच तपासनिसांना उमगेना, कारण कागदावर दोन्ही स्विच एकच होते. शेवटी जॉर्जियातल्या एका खटल्यात, अपघातात लेक गमावलेल्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या जाणकाराने जुना आणि नवा स्विच शेजारी शेजारी ठेवून खोलले, तेव्हा आतला फरक दिसला. ड्रॉइंग बदलले आणि रिव्हिजन, म्हणजे बदलाची नोंद, टाकली नाही, तर आमच्या खात्यात पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा मेमो आणि तिसऱ्यांदा घरी. तिथे तर माणसे मेली. कंपनीने नेमलेल्या चौकशीच्या अहवालात तिथल्या बैठकांचे वर्णन आहे : सगळे मान डोलावतात, काय करायचे यावर एकमत होते, आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करत नाही. हे वाचताना मला मात्र अमेरिका फार लांब वाटली नाही.

ब्रुकलँड्सला जे सिद्ध झाले त्याचा अर्थ एवढाच होता की, एका नंबरची वस्तू कुठल्याही ढिगातून उचला, ती तीच असेल. आपण मला जे पाठवले त्यात ते मोडले आहे. कसे, ते आता मोजून सांगतो.

जुना स्विच मी टाकलेला नव्हता. तो बदलला कारण कधीकधी सेल्फ घेत नसे, आतला कॉन्टॅक्ट झिजला होता. खटका मात्र तेरा वर्षांनंतरही ठणठणीत. दोन्ही स्विच मी व्हाइसमध्ये धरले, मधल्या खाचेत पट्टी बसवून केंद्रापासून अडीच सेंटीमीटरवर दोरा बांधला आणि स्प्रिंगकाटा लावून 'ऑन'वरून मागे ओढले. जुना स्विच ६०० ग्रॅमच्या आसपास सुटतो. आपला २०० ग्रॅमला. पाच पाच वेळा घेतलेल्या नोंदी सोबत आहेत. म्हणजे जुना साधारण १५ न्यूटन-सेंटीमीटर, नवा ५. माझ्या जुडग्यात गाडीची किल्ली, घराची किल्ली आणि जेजुरीहून आणलेला पितळी खंडोबा आहे. तिन्ही मिळून ७४ ग्रॅम. हाच खंडोबा तेरा वर्षे जुन्या स्विचला लटकत होता, तेव्हा गाडी एकदाही बंद पडली नाही.

मग मी डबा पाहिला. त्यावरचे नंबराचे स्टिकर जरा जाड लागले, म्हणून चहाच्या वाफेवर धरून सोडवले. खाली दुसरे स्टिकर निघाले. त्यावरच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे वेगळे आहेत, आणि आयातदाराच्या नावाची जागा खरवडलेली आहे. दोन्हींचे फोटो सोबत आहेत. हे स्टिकर आपण चिकटवले की आपल्याला माल देणाऱ्याने, मला ठाऊक नाही. पण बिल आपले आहे.

कदाचित आपल्याला वाटत असेल की तेरा वर्षे जुन्या, बंद पडलेल्या ब्रँडच्या गाडीला असाच माल मिळायचा. या गाडीच्या मालकांना हे ऐकायची सवय आहे. जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये आली, १९५४ मध्ये गेली. पुन्हा आली, गुजरातेत हलोलला, मग २००८ मध्ये आमच्या तळेगावला. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की वर्षअखेर भारतात विक्री थांबणार, सर्व्हिस आणि पार्ट मात्र मिळत राहतील. त्या बातमीनंतर जुन्या बाजारात बीटला कोणी भाव विचारीना. गंमत म्हणजे बीट इथेच बनत राहिली आणि मेक्सिकोला जात राहिली, डिसेंबर २०२० पर्यंत. माझ्या गल्लीतली चार पोरे त्या लाइनवर होती. आता तो कारखाना ह्युंदाईने घेतला आहे. मी गाडी विकली नाही, कारण ती पाच किलोमीटरवर बनलेली आहे आणि अजून लिटरला सोळा देते. बीट, स्पार्क, टवेरा ठेवलेली आमच्यासारखी माणसे पार्टसाठी आपल्यासारख्यांच्याच दारात येतात. एकमेकांना विचारून, गॅरेजवाल्याकडून नंबर लिहून घेऊन मागवतात. नंबर हा आमचा एकमेव आधार आहे.

माझ्या मागण्या अशा. स्विच व कुरिअरचे १,९१० रुपये परत करावेत. स्विच दोनदा काढण्या-बसवण्याची मजुरी ८०० आणि गाडी ओढून आणायचे १,५०० द्यावेत. पावत्या जोडल्या आहेत. हे चार हजार दोनशे दहा रुपये मिळाले नाहीत तरी मी मरणार नाही. खरी मागणी पुढची आहे : या नंबराखाली या लॉटमधला स्विच ज्यांना ज्यांना विकला, त्या प्रत्येकाला फोन करून गाडी चालवू नका असे सांगावे, आणि तसे सांगितल्याचे मला लेखी कळवावे. ईमेलवर भागवू नये, कारण माझ्या वयाचे लोक ईमेल उघडत नाहीत.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यावा लागतो. माझ्या पहिल्या ईमेलला २४ जुलै रोजी महिना होतो. त्यानंतर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि मला वेळ भरपूर आहे.

आपल्या उत्तरात पार्ट तपासणीसाठी परत पाठवण्याची सूचना होती. तो मी पाठवणार नाही. दोन्ही स्विच लाल टॅग लावून, तारीख टाकून, बिस्किटाच्या डब्यात ठेवले आहेत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी तळेगावला यावे, सकाळी अकरानंतर. स्प्रिंगकाटा माझ्याकडे आहे, व्हाइसही आहे. येणाऱ्याने आपल्या गोदामातला त्याच नंबरचा आणखी एक स्विच, डबा न उघडता, सोबत आणावा.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिल, मजुरी व टोइंगच्या पावत्या, दोन्ही स्टिकरचे फोटो, मोजमापाचा तक्ता, आपले दि. ३ जुलैचे उत्तर.