तुझं बोलणं मी परवा तीनदा तोडलं

सिडको, नाशिक
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय भावड्या,

परवा फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की तू तीन वेळा काहीतरी सांगायला गेलास आणि तीनही वेळा मीच बोलत सुटलो. तू म्हणालास टीममधली पोरं अडचण शेवटच्या दिवशी सांगतात, आधी कोणी तोंड उघडत नाही, आणि तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा सल्ला तयार, रोज सकाळी दहा मिनिटं मीटिंग लाव म्हणून. मग तू तुझ्या बाबांच्या गुडघ्याचं काढलंस. "डॉक्टर म्हणाले की..." एवढंच तू बोललास आणि मी "अरे आजकाल कॉमन आहे ते ऑपरेशन, टेन्शन घेऊ नको" म्हणून मोकळा झालो. डॉक्टर काय म्हणाले ते मला अजून माहीत नाही. म्हणून हे पत्र लिहितोय, कारण फोन केला तर पुन्हा तेच होईल अशी भीती वाटली आणि ही सवय मी वर्षभर मोडायचा प्रयत्न करतोय, तुला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

तुला माहितीये मी अंबडला कुठल्या लाइनवर आहे, टर्निंगचं काम, एक जुनं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन आहे, त्याच्यावर २५ मिमी बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, एक पार्ट चालतो. एच-सेव्हन टॉलरन्स, म्हणजे पंचवीसच्या वर २१ मायक्रॉन एवढीच सूट, आपल्या डोक्याचा केससुद्धा त्याच्या दोन-तीनपट जाड असतो. त्या मशीनवर एक काका आहेत, २६ वर्षं झाली त्यांना याच कामात, बोलायला अगदी हळू माणूस, एक वाक्य बोलतील मग थांबतील मग दुसरं. गेल्या पावसाळ्यात ते माझ्याकडे आले, मी हातात फाईल घेऊन चालत होतो, ते बाजूने चालायला लागले आणि म्हणाले, "साहेब, एक मिनिट, जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन चालू केलं ना की..." आणि मी म्हणालो, "हो हो काका, माहितीये, बघतो मी." मला काही माहीत नव्हतं रे. मला वाटलं ते कूलंटचं बोलतायत, कारण आदल्या आठवड्यात कूलंटची कटकट झाली होती. ते थांबले, मी पुढे निघून गेलो.

दोन आठवड्यांनी कस्टमरकडून कम्प्लेंट. मी आणि एक ट्रेनी पोरगा, आम्ही दोघं रात्री गाडीने निघालो, संगमनेर-नारायणगाव करत पहाटे चाकणला पोचलो आणि त्यांच्या स्टोअरमध्ये दोन दिवस उभं राहून भोकात मापाचं प्लग गेज घालून १,१४० पीस एकेक करून चेक केले. ६३ खराब निघाले. १२ दिवसांचा माल होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पोराने दाखवलं की सगळे खराब पीस एकाच ट्रेमध्ये सापडतायत, रोज जेवणानंतर जो पहिला ट्रे भरतो त्यात, चार किंवा पाच किंवा सहा. मी तिथे खाली पोत्यावर बसलो. जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन चालू केलं ना की, हे वाक्य डोक्यात जसंच्या तसं वाजायला लागलं.

कारण अगदी साधं आहे, तू पण मेकॅनिकलवाला म्हणून सांगतो. मशीन चालू असताना स्पिंडल, बॉलस्क्रू असे फिरणारे भाग तापतात, लोखंड थोडं वाढतं, साईज त्या गरम अवस्थेला सेट झालेली असते. अर्धा तास मशीन बंद राहिलं की ते निवतं, परत सरकतं, आणि पुन्हा तापेपर्यंत पहिल्या काही पीसची साईज हलते. नवीन मशीनला बरीच भरपाई आतूनच होते, या जुन्याला नाही. सकाळी आम्ही वॉर्म-अप करतो, पहिला पीस पास करतो, नंतर दर तासाला एक पीस चेक. साडेअकरा ते बारा जेवण, पुढचा चेक एक वाजता, तोपर्यंत साईज परत जागेवर. कागदावर सगळं हिरवं. काकांना मात्र हाताला कळलं होतं, त्यांनी स्वतःहून दोनदा मोजून पाहिलं होतं, आणि तेच सांगायला आले होते.

परत आल्यावर मीटिंग झाली. ती पाच वेळा 'का' विचारायची पद्धत, टोयोटात ताईची ओहनोंनी रुजवली ती, आपण कॉलेजात परीक्षेपुरती पाठ केली होती. साईज का हलली, मशीन निवलं. खराब पीस पुढे का गेले, जेवणानंतर चेक नव्हता. चेक का नव्हता, कोणाला माहीत नव्हतं. मग आमच्या मॅनेजरने विचारलं, "ऑपरेटरला पण माहीत नव्हतं?" काका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकच क्षण, आणि मान खाली घातली. काही बोलले नाहीत. आणि मी पण नाही बोललो भावड्या. रिपोर्टमध्ये मूळ कारण म्हणून 'कंट्रोल प्लॅनमध्ये त्रुटी' असं गेलं, म्हणजे काय कधी तपासायचं त्या तक्त्यातच चूक, खाली माझी सही. चूक मशीनची, मग कागदाची, आणि घोडं खरं पेंड खात होतं ते माझ्यापाशी, हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. ते माझं नाव वाचवत होते आणि मी ते वाचवू देत होतो. आजवर मला कामावरच्या कुठल्याच गोष्टीची एवढी लाज वाटलेली नाही.

त्या रात्री झोप नाही लागली. दुसऱ्या दिवशी साडेतीनला शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर काकांना गाठलं. ते चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून गोल गोल फिरवत होते, नखांच्या कडेला तेलाचा काळा रंग बसलाय तो आता साबणाने जात नाही. मी म्हणालो, काका, तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही आणि काल बोललोही नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मला आतून इतकं वाटत होतं की काहीतरी बोलून ती शांतता भरावी, पण मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. मग ते म्हणाले, "साहेब, तुम्ही वाईट नाही. पण तुमच्याकडे येताना माणूस वाक्य छोटं करून आणतो. आणि मग वाटतं, जाऊ दे." त्यांनी पुढे सांगितलं की लाइनवरची सगळीच मंडळी असं करतात. चार वर्षं झाली मला त्या लाइनवर. त्याच दिवशी मॅनेजरकडे जाऊन खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत, उलट म्हणाले रिपोर्टमध्ये ऑपरेटरने कळवूनही कारवाई झाली नाही अशी ओळ टाक, मी टाकली.

आता ही सवय लागली कुठून, याचा मी खूप विचार केला, कारण जन्मतः आपण असे नसतो, तुला आठवत असेल कॉलेजात मी किती गप्प असायचो. माझी पहिली नोकरी सातपूरला, तिथले साहेब रोज एकच सांगायचे, माझ्याकडे प्रॉब्लेम आणू नको, सोल्युशन घेऊन ये. ऐकायला भारी वाटतं ते, पण मला आता वाटतं की एखादी जागा बिघडवायला याच्याइतकं दुसरं वाक्य नाही, कारण ज्याच्याकडे सोल्युशन नाही तो माणूस मग प्रॉब्लेमच सांगत नाही. मी तिथे पटपट उत्तर द्यायला शिकलो. पटपट चालणारा, पटपट बोलणारा, फोन कानाला लावून गेज हातात घेणारा, असा माणूस हुशार दिसतो, आणि मला तसं दिसायला आवडायला लागलं. समोरचा बोलत असताना मी ऐकत नसायचो, उत्तर जुळवत असायचो. घरी पण तेच. बायको म्हणाली, हे तुला आता कळलं?

बदलायला गेलो तर आधी सगळं फसलं. सोमवारी सकाळी ठरवलं आजपासून कोणाला मध्ये तोडायचं नाही, साडेनऊपर्यंत टिकलं. मग शर्टच्या खिशात छोटी डायरी ठेवली, कोणाला तोडलं की एक रेघ मारायची. पहिल्या दिवशी जेवणापर्यंत १४ रेघा, आणि त्या फक्त माझ्या लक्षात आलेल्या. पण त्या रेघांनी एक झालं, कधी होतंय ते दिसायला लागलं. मी निवांत असताना जवळजवळ नाहीच. हातात काहीतरी असलं, फोन, फाईल, व्हर्नियर, आणि मी चालत असलो की हमखास. म्हणजे ही सवय जिभेला नंतर लागत होती, आधी पायांत आणि हातांत होती.

मग पीटर गोलविट्झर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांच्या कामाबद्दल वाचलं. त्यांचं म्हणणं असं की मी सुधारेन असं मोघम ठरवण्यापेक्षा अमुक झालं तर मी तमुक करेन असं नेमकं ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून मी एकच ठरवलं. कोणी "सर, एक मिनिट" म्हणालं की थांबायचं आणि हातात जे असेल ते खाली ठेवायचं. बस. गप्प राहायचं वगैरे काही ठरवलं नाही. पण हात रिकामे झाले आणि पाय थांबले की तोंड आपोआप थांबतं रे, हे मला खरंच माहीत नव्हतं. नंतर एक भर घातली, समोरचं बोलून झालं की "म्हणजे तुम्ही म्हणताय की" म्हणून त्याचंच बोलणं त्याला परत सांगायचं आणि मग विचारायचं, बरोबर ना? पहिल्या आठवड्यात दहातल्या चार-पाच वेळा उत्तर आलं, "नाही सर, तसं नाही."

आणि त्या ट्रेनी पोराला सांगितलं की मी कोणाला तोडलं तर तू खिशातला पेन काढून हातात धर. बिचारा चार दिवस धजावला नाही. पाचव्या दिवशी मॅनेजर, मी, मेंटेनन्सवाले असे सगळे उभे असताना मी मेंटेनन्सच्या माणसाला मध्येच अडवलं आणि समोर पाहतो तर पोराच्या हातात पेन, चेहरा पांढराफटक. मी तिथेच थांबलो, सॉरी म्हणालो, तुमचं पुरं करा म्हणालो. मला आतून राग आला होता, खोटं कशाला सांगू, कान तापले होते. पण संध्याकाळी त्या पोराला मी मुद्दाम थँक्यू म्हणालो, कारण त्या दिवशी माझं तोंड वाकडं झालं असतं तर पेन परत कधीच निघाला नसता.

एकवीस दिवसांत सवय बदलते असं सगळीकडे सांगतात ना, माझं काही एकवीस दिवसांत झालं नाही आणि मी फार खचलो होतो. माझे वडील तर म्हणालेच, जित्याची खोड. मग कळलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सोबतच्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, त्यात नवीन सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८, आणि कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यातच निघालं. मला ते वाचून एवढं हलकं वाटलं. मला चारेक महिने लागले, आणि दमलेलो असलो की अजून सुटतं, परवा तुझ्यावर सुटलं तसं. दोन शिफ्ट लागोपाठ झाल्या होत्या, तरी ते कारण नाही.

मशीनचं म्हणशील तर जेवणानंतर आता दहा मिनिटं वॉर्म-अप आणि पहिले पाच पीस शंभर टक्के चेक, तोपर्यंत ते वेगळ्या लाल ट्रेमध्ये. काकांनीच सुचवलं ते. तेव्हापासून त्या पार्टची एकही कम्प्लेंट नाही. मेच्या शेवटी ते रिटायर होतायत. आता दर गुरुवारी शिफ्टनंतर आम्ही दोघं पंधरा-वीस मिनिटं त्यांच्या मशीनपाशी स्टूलवर बसतो, ते सांगतात, मी लिहून घेतो, कुठला आवाज आला की कुठलं बेअरिंग, उन्हाळ्यात दुपारी साईज कशी वागते, कुठल्या मालाला इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, लवकर झिजतं. एक वही भरत आलीये. ते मध्ये मध्ये थांबतात, कधी कधी अर्धा मिनिट, आणि मी थांबतो. त्या थांबण्यानंतर जे येतं ना ते सगळ्यात कामाचं असतं.

तुझ्या टीमबद्दल मी आता काही सांगत नाही, ती मीटिंग लाव म्हणालो होतो तेही विसरून जा. तुझी पोरं तुझ्याकडे वाक्य छोटं करून आणतात का, तेवढं फक्त एकदा बघ, कदाचित तसं नसेलही, तू माझ्यापेक्षा शांत आहेस.

मंगळवारी मला पहिली शिफ्ट आहे, रात्री नऊला फोन करतो. हेडफोन लावून गच्चीत बसेन, हातात काही नसेल. डॉक्टर काय म्हणाले, तिथून सुरू कर.

तुझाच